वाडीच्या ताटाचा नकाशा कसा करायचा

आषाढात ओढ्याला पाणी आलं की अर्ध्या तासावरचं रेशन दुकान दीड तासावर जातं. दुकान जागचं हलत नाही, वाट मोडते. मोबाइलच्या नकाशावर मात्र ते बारा महिने दोन किलोमीटरवरच दिसतं. गावाच्या अन्नाचा नकाशा करायला बसताना ही गोष्ट आधी मनात पक्की करा. ठिकाणं मांडायची आहेतच, पण त्याहून महत्त्वाचं आहे ते दिवस, वेळ आणि ऋतू मांडणं. दुकान कुठे आहे हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते कधी उघडतं, तिथवर कुणाला पोचता येत नाही आणि त्या दिवसांत त्या घरात काय शिजतं, हे मात्र एका जागी लिहिलेलं कुठेच सापडत नाही.

हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी मी लिहिते आहे: बचत गटातल्या ताया, आशा सेविका, कॉलेजची मुलंमुली, नवे ग्रामपंचायत सदस्य. उदाहरणं सह्याद्रीतल्या वाड्यांची आहेत, कारण माझं काम तिथलं. शहरातल्या वस्तीतही पायऱ्या याच राहतात. ओढ्याच्या जागी हमरस्ता किंवा रेल्वेचे रूळ येतात, एवढंच.

आधी एकच प्रश्न धरा

"गावाची अन्नव्यवस्था समजून घेऊ" असं म्हणून सुरुवात केली की दोन महिन्यांनी हातात ढीगभर माहिती असते आणि तिचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर मिळाल्यावर कुणाकडे तरी काहीतरी मागता येईल.

एक उदाहरण देते. सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळायला हवी. आता प्रश्न आपोआप तयार होतो. आपल्या ग्रामपंचायतीत अशी वाडी आहे का? मोजायचं काय, तेही ठरलं: वाडीवार सहा वर्षांखालची मुलं आणि जवळच्या अंगणवाडीपर्यंत लहान मुलाच्या पायानं लागणारा वेळ.

दुसरा चांगला प्रश्न: जून ते सप्टेंबर कोणत्या वाडीला रेशन आणायला जाऊन-येऊन किती वेळ लागतो? तिसरा: कोणत्या वाडीत आठवड्यातून एकदाही ताजी भाजी पोचत नाही? तिन्ही प्रश्न चांगले आहेत, पण पहिल्या खेपेला एकच घ्या.

मी सारखं 'वाडी' म्हणते आहे, त्याला कारण आहे. सरकारी आकडेवारी महसुली गावाच्या नावानं येते. डोंगराळ भागात एका महसुली गावात सात-आठ वाड्या असतात आणि त्यांची शिवारं मैलभर पसरलेली असतात. गावठाणात दुकान, शाळा, अंगणवाडी सगळं असतं, म्हणून कागदावर गाव ठीक दिसतं. पलीकडची ठाकरवाडी किंवा कातकरवाडी त्या आकड्यात बुडून जाते. म्हणून आपला तक्ता पहिल्या दिवसापासून वाडीवारच करायचा.

मोबाइल बाजूला, आधी रांगोळी

नकाशा पहिल्यांदा जमिनीवर काढायचा. देवळासमोरची किंवा शाळेसमोरची मोकळी जागा झाडून घ्या. रांगोळी, हळद-कुंकू, विटेचा चुरा, पानं, खडे, मिळेल ते आणा. वेळ बायकांना सोयीची धरा. पाणी भरायच्या आणि चुलीच्या वेळेला कुणी येणार नाही. बहुतेक वाड्यांत दुपारी दोननंतरचा तास बरा पडतो. पुरुष मंडळी आली तर त्यांचा नकाशा वेगळा काढू द्या. त्यांच्या नकाशात रस्ता, एसटीचा थांबा आणि चावडी ठळक येते. बायकांच्या नकाशात पाणवठा, सरपणाची वाट, रानभाजीचा उतार आणि गिरणी येते. अन्नाच्या कामाला दुसरा नकाशा जास्त उपयोगी पडतो असा माझा अनुभव आहे.

एका वाडीत आम्ही असे बसलो होतो. रेशन दुकानासाठी एका मुलीनं खडा ठेवला. कडेला बसलेल्या आजी उठल्या, खडा उचलला आणि चार पावलं लांब नेऊन ठेवला. मुलगी म्हणाली, "आजी, दुकान इथंच आहे की." आजी म्हणाल्या, "उन्हाळ्यात तिथं. पावसात हितं." मग त्यांनी ओढ्याच्या रांगोळीवर हळद टाकली आणि बोटानं वळशाची वाट काढून दाखवली: वरच्या अंगानं, खिंडीतून, दोन शेतांच्या बांधावरून. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक ठिकाणाला दोन खडे ठेवतो, एक कोरड्या दिवसांचा आणि एक पावसाळ्याचा.

रांगोळी पुसण्याआधी वरून फोटो काढा, आणि तिथल्या तिथे मोठ्या कागदावर उतरवून घ्या. कागदाची एक प्रत वाडीतच ठेवायची. ही अट म्हणून पाळा.

काय लिहून घ्यायचं

रांगोळीत आलेली ठिकाणं हीच तुमची यादी. आता प्रत्येक ठिकाणी चालत जायचं. सोबत वाडीतली एक बाई आणि एक तरुण मुलगा किंवा मुलगी हवी. प्रत्येक ठिकाणाला एवढं पुरे:

- ठिकाणाचं नाव, लोक म्हणतात तेच, आणि प्रकार (रेशन, अंगणवाडी, शाळेचं स्वयंपाकघर, किराणा, गिरणी, बाजार, भाजीवाला थांबतो ती जागा)
- पाटीवरची वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ, दोन वेगळ्या रकान्यांत
- कोणत्या वाडीतून चालत किती मिनिटं: उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात
- काय मिळतं, काय मिळत नाही
- कुणी सांगितलं (नाव नको, "दुकानदार", "वाडीतल्या तीन बाया" असं) आणि तारीख

अंतर किलोमीटरमध्ये लिहू नका, मिनिटांत लिहा, आणि डोक्यावर ओझं घेऊन परत येण्याची मिनिटं लिहा. रिकाम्या हातानं जाणं आणि पस्तीस किलो घेऊन चढ चढणं यात फरक आहे. पस्तीस हा आकडा उगाच घेतलेला नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार अंत्योदय कार्डावर महिन्याला कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. म्हणून रेशन दुकानावर भाव विचारण्यात वेळ घालवू नका. वजन किती मिळालं, पावती मिळाली का, महिन्यातले किती दिवस दुकान उघडं होतं आणि मशीनवर अंगठा लागला का, ते विचारा. म्हाताऱ्या माणसांची आणि मातीत, चुन्यात, वीटभट्टीवर काम करणाऱ्यांची बोटं घासलेली असतात. अंगठा लागत नाही म्हणून परत जावं लागलेल्या खेपा मोजा. रेंज नसल्यामुळे वाया गेलेल्या खेपा वेगळ्या मोजा, कारण दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

दुकानदाराशी बोलताना तपासणीचा सूर नको. त्यालाही धान्य उशिरा पोचल्याचा, मशीन बंद पडल्याचा त्रास असतो. त्याचं म्हणणं त्याच तक्त्यात नोंदवा. पुढे हाच माणूस तुमच्या बाजूनं उभा राहू शकतो.

शाळेतही जा. पहिली ते पाचवीच्या मुलाला पोषण आहारात रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, हे प्रमाण ठरलेलं आहे. पण नकाशासाठी महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: शाळा बंद असते त्या दिवसांत त्या मुलांच्या दुपारच्या जेवणाचं काय? ते त्यांच्या आयांना विचारा.

बाजाराचा दिवस

आठवडे बाजारावर थोडं जास्त लिहिते, कारण नवी मुलं इथे हमखास अडखळतात.

बाजारात एक चक्कर मारून भाव लिहिले तर ती माहिती फसवी असते. सकाळी नऊला मेथीची जुडी एका भावाची, दुपारी चारला उतरत्या बाजारात निम्म्याची. लांबच्या वाडीतली बाई सकाळी निघून बाजारात पोचते तेव्हा भाव चढा असतो; उतरत्या भावाला थांबली तर शेवटची जीप चुकते. म्हणून तीन वेळा फिरा: बाजार भरताना, दुपारी आणि उठताना. तेच सात-आठ जिन्नस तिन्ही वेळा विचारा.

दुसरी अडचण मापांची. भाजी 'वाट्या'वर विकली जाते. पाच टोमॅटोंचा वाटा आणि तीन वांग्यांचा वाटा यांची तुलना कशी करणार? कुठे पायली आहे, कुठे शेर, कुठे मापटं, आणि एका बाजारातली पायली दुसऱ्या बाजारात तेवढीच भरेल असं नाही. घरगुती डिजिटल काटा पिशवीत ठेवा, एक वाटा विकत घ्या आणि वजन करून लिहा. विकत घ्या हे मुद्दाम सांगते. फुकट हात लावून वजन करत फिरणाऱ्यांना भाजीवाली ताई खरं उत्तर देत नाही, आणि ते बरोबरच आहे. तांदळाच्या बदल्यात सुकट-बोंबील देण्याघेण्याचा व्यवहार जिथे आहे, तिथे तोही नोंदवा. पैशाचा आकडा नाही म्हणून तो रकाना रिकामा सोडू नका.

तिसरं, कोण विकतंय. स्वतःच्या शेतातला माल घेऊन बसलेल्या बाया आणि मोठ्या मार्केटमधून माल आणणारे व्यापारी वेगवेगळे मोजा. २०१६ मध्ये राज्यानं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळे शेतकऱ्याला थेट विकायला कायद्याची आडकाठी नाही. तरी ओट्यावर जागा मिळते की कडेला उन्हात बसावं लागतं, हे बाजारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तीही नोंद करा.

साधनं

मोबाइलवर माहिती भरायला कोबो टूलबॉक्स चांगलं आहे. संगणकावर मराठीत फॉर्म करायचा, अँड्रॉइड फोनवर कोबोकलेक्ट अॅपमध्ये उतरवायचा. वाडीत रेंज नसली तरी फॉर्म भरता येतो. रेंजमध्ये आल्यावर पाठवायचा. छोट्या कामाला मोफत खातं पुरतं. ठिकाणाचा बिंदू घेताना अॅप अचूकतेचा आकडा मीटरमध्ये दाखवतं. मोकळ्यावर उभं राहून तो पाचाच्या आसपास येईपर्यंत थांबा. दाट झाडीखाली घाईत घेतलेला बिंदू ओढ्याच्या पलीकडे जाऊन बसतो, आणि आपल्या कामात ओढ्याची बाजू हाच तर मुद्दा आहे.

सगळ्यांसाठी खुली ठिकाणं, म्हणजे दुकान, शाळा, अंगणवाडी, बाजार, पायवाट, साकव, ही ओपनस्ट्रीटमॅपवर चढवा. २००४ साली सुरू झालेला हा जगभरातल्या स्वयंसेवकांचा खुला नकाशा आहे. त्यात कुणालाही भर घालता येते आणि तो कुणालाही वापरता येतो. स्रोताचा उल्लेख करायचा आणि त्यात भर घालून केलेली माहिती इतरांना दिलीत तर त्याच अटींवर द्यायची, एवढं बंधन आहे. नावं देवनागरीत लिहिता येतात. दुकानांच्या वेळा भरायला एव्हरी डोअर हे अॅप सोपं पडतं. एक पथ्य: गूगल मॅप्सवर पाहून त्यात काही उतरवायचं नाही. ती माहिती खुल्या परवान्याची नाही, आणि नकलेवर उभा राहिलेला नकाशा कधीही पुसला जाऊ शकतो.

तुमच्या प्रश्नाचा खास नकाशा यूमॅपवर करा. ओपनस्ट्रीटमॅप पायाला घेऊन त्यावर तुमच्या तक्त्यातले बिंदू वेगवेगळ्या थरांत दाखवता येतात. पावसाळ्याचा थर वेगळा, उन्हाळ्याचा वेगळा. बटण दाबून एक लपवला, दुसरा दाखवला की ग्रामसभेत वेगळं भाषण करावं लागत नाही.

काय उघडं ठेवायचं, काय झाकायचं

हा भाग घाईत वाचू नका.

आधार क्रमांक, रेशन कार्ड क्रमांक, फोन नंबर फॉर्ममध्ये विचारूच नका. लागत नाहीत. कोणत्या घरात संध्याकाळी चूल पेटली नाही, कोणतं मूल सॅम (तीव्र कुपोषित) किंवा मॅममध्ये (मध्यम कुपोषित) आहे, हे घराच्या बिंदूसह कधीही नकाशावर येता कामा नये, 'फक्त आपल्या गटात' पाठवायच्या फोटोतही नाही. अशी माहिती वाडीच्या एकूण आकड्यातच ठेवा, आणि वाडी चार-पाच घरांची असेल तर शेजारच्या वाडीत मिळवून दाखवा, कारण पाच घरांत दोन म्हटलं की कोणती दोन ते सगळ्यांना कळतं. माहिती कशासाठी घेतो, कोण पाहणार, नको म्हटलं तर काय, हे आधी सांगून होकार घ्यायचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या केंद्रस्थानी संमतीच आहे, पण कायदा नसता तरी हे केलंच पाहिजे.

रानभाज्यांचं वेगळं. वळवाच्या सरी पडल्या की शेवळं फुटतात, मग कवळा, फोडशी, भारंगी, करटोली. वाडीच्या ताटात जून-जुलैत हीच भाजी असते, म्हणून ती नकाशात हवी. पण शेवळांचा उतार बिंदूसह खुल्या नकाशावर टाकला, तर बाजारात भाव पाहिलेले बाहेरचे लोक एका हंगामात तो उपटून नेतील. ही माहिती वाडीच्या कागदावर ठेवा, आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद) असेल तर जैवविविधता समितीला विचारून तिच्यात लिहा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत अशी समिती असते. खुल्या नकाशावर फक्त 'या वाडीत जून ते ऑगस्ट सहा प्रकारच्या रानभाज्या' एवढंच.

गावरान बियाणं जपणाऱ्या बायांची ठिकाणंही त्यांना विचारूनच टाका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, आणि त्यांच्याकडे लोक लांबून येतात. पण प्रत्येक वालाच्या, नागलीच्या राखणदारणीला दारात गाड्या नको असतात. एकीनं मला सांगितलं, "बी मागायला शेजारीण आली तर देईन, फोटो काढायला कुणी नको." तिची जागा आमच्या नकाशावर नाही. वाडीत मात्र सगळ्यांना माहीत आहे.

तक्ता नीट करणं

चार जणांनी भरलेल्या माहितीत एकच वाडी चार नावांनी येते: ठाकरवाडी, ठाकूरवाडी, वरची वाडी, आणि पाटलाच्या नावानं ओळखली जाणारी कुठलीशी वाडी. फेरी सुरू करण्याआधीच वाड्यांची यादी करून प्रत्येकीला एक आकडा द्या, फॉर्ममध्ये निवडायला तीच यादी ठेवा. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांचा ढिगारा होतो. मोजायच्या रकान्यात इंग्रजी अंक टाका, नाहीतर बेरीज होत नाही. फाइल सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) करताना यूटीएफ-८ निवडा, म्हणजे मराठी अक्षरं टिकतात, आणि यूमॅपसाठी अक्षांश-रेखांशाच्या रकान्यांना lat आणि lon ही नावं इंग्रजी लिपीत द्या.

विचित्र आकडा दिसला की खोडू नका, परत जाऊन विचारा. एका फेरीत एका वाडीचा रेशनचा वेळ तीन तास आला. भरणाऱ्या मुलाची चूक समजून आम्ही तो तीस मिनिटं करणार होतो. पुन्हा विचारल्यावर कळलं की त्या वाडीची काही कार्डं अजून जुन्या, दूरच्या दुकानाला जोडलेली होती.

वाडीत परत, मग ग्रामसभेत

नकाशा तयार झाला की आधी तो वाडीत न्या. मोठ्या कागदावर छापून त्याच देवळासमोर अंथरा आणि गप्प बसा. लोक बोट ठेवून चुका सांगतील. पेन त्यांच्याच हातात द्या. या बैठकीशिवाय माहिती पुढे पाठवायची नाही.

मग ग्रामसभा. २ ऑक्टोबरची सभा मला सर्वांत उपयोगी वाटते: पावसाळ्याचा अनुभव ताजा असतो आणि पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची तयारी सुरू व्हायची असते. मागणी एका ओळीची ठेवा आणि मागे नकाशा जोडा. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २७ नुसार रेशनचे अभिलेख लोकांना पाहायला खुले असायला हवेत, कलम २८ मध्ये सामाजिक अंकेक्षणाची (म्हणजे लोकांसमोर होणाऱ्या तपासणीची) आणि २९ मध्ये दक्षता समितीची तरतूद आहे. तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत जाताना हे आकडे तोंडपाठ असले की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

मागणी अन्नाच्या खात्याकडेच असेल असं नाही. त्या आजींच्या वाडीचा ठराव साकवाचा झाला. धान्य होतं, दुकान होतं, कार्डं होती. नव्हता तो ओढ्यावरचा दहा-बारा पावलांचा पूल. साकव व्हायला पुढचे दोन पावसाळे गेले. तोवर दुकानदाराशी बोलून महिन्यातला एक दिवस ठरवला, आणि त्या दिवशी वाडीतल्या शाळेत धान्यवाटप झालं. तो तोडगा दुकानदारानंच सुचवला होता.

शेवटचं काम नकाशाच्या कोपऱ्यात: 'तपासल्याची तारीख' आणि 'पुढची फेरी'. दोन्ही लिहिल्याशिवाय छापू नका, आणि पुढच्या फेरीची जबाबदारी वाडीतल्या दोघींच्या नावावर ठेवा. आमची पुढची फेरी नागपंचमीच्या आठवड्यात असते. तेव्हा ओढा हमखास भरलेला असतो, आणि माहेरी आलेल्या मुली सासरच्या गावातलं रेशन कधी मिळतं, बाजाराला किती चालावं लागतं ते सांगतात. शेजारच्या तालुक्यातल्या दोन वाड्यांची पहिली माहिती आम्हाला अशीच मिळाली.